युकॉनच्या रानांतील वाङ्मय

(नभोवाणीवरील भाषण)



कॅनडाच्या नकाशावर अगदीं वायव्येकडे नजर टाकली, तर अलास्काला लागून असलेला एक त्रिकोणी मुलूख दिसतो. त्याचें नांव युकॉन. क्षेत्रफळ सुमारें ४,८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक. आणि वस्ती २०२१ च्या खानेसुमारीप्रमाणें अवघी ४०,२३२. त्यांतलीं सुमारें अठ्ठावीस हजार माणसें व्हाइटहॉर्स या एकाच शहरांत राहतात. उरलेल्या प्रदेशांत डोंगर आहेत, सूचिपर्णी वृक्षांचीं अरण्यें आहेत, लांबच लांब सरोवरें आहेत, आणि हिवाळ्यांत कित्येक महिने गोठून पडणाऱ्या नद्या आहेत. अशा मुलखाला निर्जन रान म्हणून आपण मोकळे होतों. तेथें वाङ्मय तें कसलें असणार, आणि असलेंच तर तें रचणार कोण, हा प्रश्न मनांत येणें साहजिक आहे.

आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ‘रान’ हा शब्द वाटसरूचा आहे. तेथें राहणाराचा नव्हे. राहणाराला तें घर असतें, आणि घरांतल्या प्रत्येक कोपऱ्याची कांहींतरी गोष्ट असते. म्हणून युकॉनचें वाङ्मय वाचतांना तें कोणी सांगितलें आणि कोठें उभें राहून सांगितलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

जगाला युकॉनचें नांव कळलें तें सोन्यामुळें. १८९६ च्या ऑगस्टांत क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यांत सोनें सांपडलें. पुढच्या वर्षीं ती बातमी अमेरिकेच्या बंदरांत पोंचली आणि सुमारें एक लाख माणसें घरदार सोडून उत्तरेकडे निघालीं. चिलकूटची खिंड चढून, वर्षभराची शिधासामुग्री पाठीवर वाहून, त्यांतलीं तीसचाळीस हजारच काय तीं मुक्कामाला पोंचलीं. डॉसन नांवाचें शहर दोन वर्षांत उभें राहिलें आणि पुढें तितक्याच वेगानें ओस पडूं लागलें. या धांवपळीच्या पाठोपाठ लेखक आले.

त्यांतला पहिला नामांकित लेखक जॅक लंडन. १८९७ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो चिलकूट ओलांडून आला. एक हिवाळा त्यानें स्ट्यूअर्ट नदीच्या परिसरांतील एका लाकडी झोपडींत काढला. सोनें मिळालें नाहीं, रक्तपिती मात्र जडली, आणि १८९८ च्या उन्हाळ्यांत तो नदीच्या वाटेनें परतला. एवढ्या अल्प मुक्कामाच्या भांडवलावर त्यानें जगभर गाजलेल्या कथा लिहिल्या. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ १९०३ सालीं निघाली, ‘व्हाइट फँग’ १९०६ सालीं. थंडी माणसाच्या बोटांतून शिरून त्याची बुद्धि कशी बधिर करते, हें त्याच्याइतकें स्पष्ट फार थोड्यांनीं दाखविलें असेल. गंमत अशी कीं, त्याची ती झोपडी पुढें सांपडली, तेव्हां तिच्या ओंडक्यांची वांटणी झाली. कांहीं ओंडके वापरून डॉसनला एक झोपडी उभारली, आणि कांहीं वापरून कॅलिफोर्नियांतील ओकलंडला दुसरी. लंडनचें अर्धें घर उत्तरेंत आणि अर्धें दक्षिणेंत, ही त्याच्या वाङ्मयाचीहि खरी स्थिति आहे.

दुसरा रॉबर्ट सर्व्हिस. हा मूळचा बँकेंतला कारकून. त्याची १९०४ सालीं व्हाइटहॉर्सच्या शाखेंत नेमणूक झाली. सोन्याची धामधूम तोंपर्यंत कधींच ओसरली होती. सर्व्हिसनें ती पाहिलेली नव्हती; जुन्या मंडळींच्या तोंडून ऐकलेली होती. त्याच आधारावर त्यानें पोवाड्यासारखीं दमदार पद्यें रचलीं. ‘साँग्ज ऑफ ए सावरडो’ हा त्याचा संग्रह १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्यावर त्याला इतका पैसा मिळाला कीं पुढें त्याला बँकेची नोकरी करण्याचें कारण उरलें नाहीं. ‘सावरडो’ म्हणजे आंबवलेली कणीक. जुने खाणवाले पाव फुगविण्यासाठीं ती जवळ बाळगीत, म्हणून त्यांनाच तें नांव पडलें. नदी गोठतांना आणि पुन्हा फुटतांना ज्यानें पाहिली तोच खरा सावरडो, असा तिकडचा दंडक आहे. सर्व्हिस या कसोटीला उतरतो. परंतु ज्या डॉसनच्या पद्यांनीं तो गाजला, तें डॉसन त्यानें पुस्तक निघाल्यानंतर, १९०८ सालीं बदली झाल्यावर, पाहिलें. १९१२ सालीं त्यानें युकॉन सोडलें तें कायमचें. १९५८ सालीं तो फ्रान्समध्यें वारला.

या दोघांना मी उणें लेखीत नाहीं. त्यांचें वर्णनाचें सामर्थ्य निःसंशय मोठें आहे. परंतु दोघांच्याहि लेखनांत युकॉन हें माणसाची परीक्षा पाहणारें एक भयंकर मैदान आहे. बाहेरचा पुरुष येतो, थंडीशीं झुंजतो, जिंकतो किंवा मरतो. त्या मैदानावर हजारों वर्षें मुलेंबाळें वाढवीत आलेलीं माणसें या चित्रांत जवळजवळ नाहींतच. असलीं तर कडेला, वाटाड्या म्हणून.

यानंतरची पायरी येऊन राहिलेल्यांची. लॉरा बर्टन ही बाई १९०७ सालीं बालवर्गाची शिक्षिका म्हणून डॉसनला आली. आली थोड्या मुदतीसाठीं, आणि राहिली पंचवीस वर्षें. तिचें ‘आय मॅरीड द क्लोंडाइक’ हें आत्मवृत्त १९५४ सालीं निघालें. त्यांत झुंजार पुरुष नाहींत; ओस पडत चाललेलें एक गांव आहे. शरद ऋतूंत शेवटची आगबोट सुटते, ज्यांना जाणें शक्य ते जातात, आणि धक्क्यावर उभे राहिलेल्यांना पुढच्या वसंतापर्यंत एकमेकांवांचून दुसरें कोणी उरत नाहीं. युकॉनचे लोक उरलेल्या साऱ्या जगाला ‘बाहेर’ म्हणतात. लॉराचें पुस्तक हें आंत राहिलेल्या बाईचें पुस्तक आहे. तिचा मुलगा पिअर बर्टन हा व्हाइटहॉर्सला जन्मून डॉसनमध्यें वाढला. त्यानें १९५८ सालीं सोन्याच्या धांवेचा मोठा इतिहास लिहिला, आणि पुढें तो कॅनडाचा फार लोकप्रिय लेखक झाला. डॉसनमधील त्यांचें घर आतां पाहुण्या लेखकांना राहून लिहिण्यासाठीं दिलें जातें.

परंतु आणखी आंत गेलें पाहिजे. युकॉनमध्यें आठ देशी भाषा आहेत. त्यांतल्या सात एकाच भाषाकुळांतल्या, आणि आठवी समुद्रकांठाकडून आलेली ट्लिंगिट. या लोकांचें वाङ्मय शतकानुशतकें मुखोद्गत होतें. तें कागदावर आलें तें बहुतांशीं गेल्या साठसत्तर वर्षांत, आणि तेंहि मुख्यतः बायकांमुळें.

पहिलें उदाहरण ईडिथ जोसी हिचें. उत्तरध्रुववृत्ताच्या पलीकडे पॉर्क्युपाइन नदीच्या कांठीं ओल्ड क्रो नांवाचें, सुमारें अडीचशें वस्तीचें ग्विचिन लोकांचें गांव आहे. तेथें रस्ता जात नाहीं, जाणें-येणें विमानानें. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं व्हाइटहॉर्सच्या वर्तमानपत्रानें ईडिथबाईंना गांवची बातमीदार नेमलें. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हे. त्यांनीं ती आपल्या ग्विचिन वळणानें लिहिली, आणि संपादकानें शहाणपणा असा केला कीं, व्याकरणाची कात्री न लावतां मजकूर जसाच्या तसा छापला. बातम्या तरी कसल्या? कोण कस्तुरी-उंदरांच्या शिकारीला गेलें, विमान आलें कीं हवा वाईट म्हणून परतलें, कॅरिबू हरिणांचे कळप नदी ओलांडूं लागले, कोणाचें लांकूड संपलें. परंतु वाचकांना हळूहळू कळूं लागलें कीं, ज्याला आपण रिकामें रान समजत होतों, तेथें एका आठवड्यांत एवढें घडतें! दूरदूरच्या शहरांतील पत्रांनींहि तें सदर घेतलें. चाळीसएक वर्षें तें चाललें. १९९५ सालीं त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय बहुमान मिळाला, आणि २०१० सालीं त्या वारल्या.

दुसरें उदाहरण अधिक खोल आहे, आणि त्यासाठींच मी हा विषय घेतला. दक्षिण युकॉनमध्यें बेनेट सरोवराच्या कांठीं कारक्रॉस नांवाचें गांव आहे. या दोन नांवांतच एक धडा आहे. १८८३ सालीं श्वाटका नांवाचा अमेरिकन लष्करी अधिकारी तराफ्यावरून या पाण्यांतून गेला, आणि त्यानें सरोवराला न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राच्या मालकाचें नांव ठेवून दिलें. गांवाचें जुनें इंग्रजी नांव ‘कॅरिबू क्रॉसिंग’, म्हणजे हरिणें पाणी ओलांडतात ती जागा; परंतु तशा नांवाचीं गांवें अन्यत्रहि असल्यामुळें टपालाचा घोंटाळा होई, म्हणून १९०४ च्या सुमारास त्याचा संक्षेप झाला. ट्लिंगिट भाषेंत त्याच जागेला ‘नातासे हीन’ म्हणतात. अर्थ, अरुंद जागेंतून वाहणारें पाणी. एक नांव वाटसरूनें मालकाच्या सन्मानार्थ दिलेलें, एक टपालाच्या सोयीसाठीं कापलेलें, आणि एक ती जागा काय करते हें सांगणारें.

या गांवाजवळ १९०२ सालीं अँजेला सिडनी जन्मली. ती देशीतान कुळाची. तिला टॅगिश आणि ट्लिंगिट या दोन्ही भाषा येत. तिच्या लहानपणीं कारक्रॉसजवळ, १९११ सालीं, निवासी शाळा निघाली होती. अशा शाळांत मुलांना आईबापांपासून दूर ठेवीत आणि मातृभाषा बोलूं देत नसत. एका पिढीनें दुसरीला सांगावयाचें, ही जी या वाङ्मयाची एकमेव छापण्याची रीत, तीच मधोमध तोडली गेली. अँजेलाबाईंनीं आयुष्यभर तो तुटलेला धागा सांधण्याचें काम केलें.

१९७० नंतर ज्यूली क्रुकशँक नांवाची तरुण मानववंशशास्त्रज्ञ या भागांतील वृद्ध स्त्रियांकडे गेली. तिला त्यांचीं आत्मचरित्रें लिहून घ्यावयाचीं होतीं. सोन्याच्या धांवेनें तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला, १९४२ सालीं लष्करानें अलास्काचा हमरस्ता बांधला तेव्हां काय झालें, असे तिचे प्रश्न. बायका थोडें उत्तर देत आणि मग म्हणत, आतां ही गोष्ट लिहून घे. गोष्ट असे ताऱ्यांशीं लग्न लावणाऱ्या मुलींची, अस्वलाच्या घरीं गेलेल्या बाईची, नाहींतर पुराणपुरुष कावळ्याची. पुष्कळ दिवस क्रुकशँकला वाटे कीं, हें विषयांतर चाललें आहे. पुढें तिच्या ध्यानांत आलें कीं, हेंच उत्तर आहे. आपलें आयुष्य कसें गेलें हें त्या बायका गोष्टीच्या मापानेंच मोजीत होत्या. या सहवासांतून अँजेला सिडनी, किटी स्मिथ आणि ॲनी नेड या तिघींचें ‘लाइफ लिव्ह्ड लाइक ए स्टोरी’ हें पुस्तक १९९० सालीं झालें. गोष्टीप्रमाणें जगलेलें आयुष्य, असा त्या नांवाचा अर्थ. तो विचार अँजेलाबाईंचाच. किटी स्मिथ आपल्या गोष्टींतलीं पात्रें लांकडांत कोरीतहि असत. ॲनी नेड यांचा कटाक्ष असा कीं, गोष्ट सांगतांना ती आपण कोणाकडून ऐकली हें सांगितलेंच पाहिजे. बोल कोठून आला हें ठाऊक नसेल तर त्याला वजन नाहीं.

आतां सोन्याचीच हकीकत या घरच्या बाजूनें ऐका. इतिहासांत शोधाचा मान बहुधा जॉर्ज कारमॅक या गोऱ्या माणसाला मिळाला, कारण शोधाचा दावा त्याच्या नांवें नोंदला गेला. त्याच्याबरोबर कीश नांवाचा टॅगिश पुरुष होता. त्याला बाहेरचे लोक स्कूकम जिम म्हणत. अँजेलाबाईंच्या तोंडून जी हकीकत येते, तींत कीश सोनें शोधायला गेलाच नव्हता. त्याच्या बहिणी नदीच्या खालच्या अंगाला गेल्या होत्या. त्यांची खबर नव्हती. भाऊ या नात्यानें त्यांचा शोध घेणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि त्या प्रवासाच्या मुळाशीं एक बेडूक आहे. खड्ड्यांत अडकलेल्या बेडकाला कीशनें पूर्वीं बाहेर काढलें होतें. त्या उपकाराची फेड म्हणून तो त्याचा रक्षक झाला आणि पुढें स्वप्नांत त्याला नदीच्या दिशेचा संकेत मिळाला. तुम्ही म्हणाल, यांतलें खरें कोणतें? मला वाटतें, हा प्रश्न थोडा उतावळा आहे. एकच घटना दोन समाजांनीं आपापल्या हिशेबाच्या वहींत लिहिली आहे. एका वहींत जमेला सोनें आहे. दुसरींत बहीण, आणि एका मुक्या प्राण्याशीं असलेलें ऋण. पहिली वही वाचून आपल्याला सोनें कसें मिळालें तें कळतें. तीं माणसें तेथें कां गेलीं, तें दुसरी वाचल्यावांचून कळत नाहीं.

शेवटीं एका गोष्टीचा प्रवास सांगतों. काखाच्गूक हा ट्लिंगिट लोकांचा मोठा दर्यावर्दी शिकारी. एकदां तो भाच्यांसह होडींतून निघाला असतां वादळानें त्यांना दूरच्या अनोळखी बेटावर नेऊन टाकलें. घर कोणत्या दिशेला, हें कळेना. तेव्हां तो रोज सूर्याकडे पाही, आणि त्याच्या जागेच्या खुणा काठ्यांनीं करून ठेवी. ऋतु पालटले. त्या खुणांवरून त्यानें दिशा बसविली, आणि सर्वांना घेऊन तो घरीं परतला. परंतु मधल्या काळांत घर पूर्वींसारखें राहिलें नव्हतें. त्याला मेला समजून माणसांनीं आपापली व्यवस्था लावून घेतली होती. परतणें म्हणजे केवळ पोंचणें नव्हे, हें या कथेचें मर्म.

दुसऱ्या महायुद्धांत अँजेलाबाईंचा मुलगा युरोपांत लढायला गेला. सैन्य कोठून कोठें सरकत आहे हें कळावें, म्हणून त्या घरानें त्या वेळीं एक रेडिओ विकत घेतला. १९४५ सालीं मुलगा सुखरूप परत आला, तेव्हां आईनें मेजवानी केली आणि त्याला ही काखाच्गूकची गोष्ट, त्यांतल्या गाण्यासह, भेट म्हणून दिली. गाणें मूळचें किक्सादी कुळाचें. दुसऱ्याच्या कुळाचें गाणें उचलून गाणें म्हणजे तेथें चोरीच. तें गाणें एका जुन्या तंट्याच्या भरपाईंत देशीतान कुळाकडे आलें होतें, आणि या गोष्टीची खात्री त्यांनीं जाणत्या वडील मंडळींकडून करून घेतली. मुलाला घरांतलें एखादें भांडें किंवा बंदूक देतां आली असती. आईनें गोष्ट दिली, कारण युद्धावरून परतलेल्याला नेमकी हीच गोष्ट लागते.

पुढें १९८८ सालीं व्हाइटहॉर्स येथें युकॉन कॉलेजच्या नव्या वास्तूचा समारंभ झाला. बोलावणें अँजेलाबाईंनाहि होतें, वय श्याऐंशी. त्यांनीं भाषण न करतां तीच गोष्ट सांगितली. शिक्षणासाठीं आमच्या मुलांना आजवर दूर जावें लागे आणि तीं वाट चुकत. काखाच्गूकला जशी सूर्याची खूण, तशी आमच्या मुलांना ही शाळा होवो, हा तिचा आशय. त्याच विद्यालयाला २०२० सालीं विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गोष्ट तीच, शब्दहि बहुधा तेच. परंतु एकदां ती सैनिकाच्या स्वागताला कामी आली आणि एकदां विद्यालयाच्या उंबऱ्यावर. वाङ्मय जिवंत आहे कीं नाहीं हें पाहण्याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाहीं.

अँजेलाबाईंना १९८६ सालीं ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाला. १९९१ सालीं त्या वारल्या. टॅगिश भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ति २००८ सालीं गेली. हें नुकसान कोणत्याहि पुस्तकानें भरून येणारें नाहीं. त्या वृद्ध स्त्रियांना तें आधींच दिसत होतें. म्हणून त्यांनीं आपल्या गोष्टी पुष्कळशा इंग्रजींत सांगण्याचा आग्रह धरला. शाळेनें नातवंडांच्या तोंडीं जी भाषा घातली होती, त्याच भाषेंतून आपलें घर नातवंडांपर्यंत पोंचवावें, हा त्यांचा निश्चय. जागांचीं जुनीं नांवें मात्र त्यांनीं मुळांतल्याप्रमाणें टिपून घेतलीं. अँजेलाबाईंनीं सांगितलेल्या टॅगिश प्रदेशांतील स्थळनांवांचें पुस्तक १९८० सालीं निघालें. तें हातीं घेऊन सरोवराच्या कांठानें जाणाऱ्याला प्रत्येक सुळका आणि प्रत्येक ओढा कोणाचा तरी ओळखीचा आहे असें दिसेल.

जॅक लंडनच्या कथा अवश्य वाचा. सर्व्हिसचीं पद्येंहि वाचा. परंतु तीं वाचून झाल्यावर या बायकांकडे या. लंडनच्या कथेंत एक माणूस बर्फांत एकटाच चाललेला असतो, आणि चोहोंकडे शांतता असते. अँजेलाबाईंच्या गोष्टी वाचल्यावर कळतें कीं, ती शांतता नव्हती. तेथें चाललेलें बोलणें त्याच्या कानांना ओळखतां येत नव्हतें, एवढेंच.